माशाच्या तेलाच्या कॅप्सूल : साडेसहा महिन्यांच्या वापरानंतर

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात चौथ्या बाटलीतल्या उरलेल्या चाळीस कॅप्सूल एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गोळा झाला. सुरीच्या टोकाने त्या सोडवताना दोन फुटल्या आणि बोटांचा वास संध्याकाळपर्यंत गेला नाही. बाटली बदलून मागितली, तेव्हा कंपनीच्या ग्राहक विभागाने 'पंचवीस अंशांखाली ठेवावे' या बारीक ओळीवर बोट ठेवले. नागपुरात उन्हाळ्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो, हे माल पाठवताना मात्र कोणाला सुचले नव्हते.

या वादापायी लेबल पहिल्यांदा नीट वाचले. समोर ठळक अक्षरांत १००० मिलिग्रॅम, तर मागे ईपीए १८० आणि डीएचए १२०, ही दोन ओमेगा-३ मेदाम्ले. म्हणजे ज्या ओमेगा-३ साठी आपण पैसे मोजतो, ते अवघे ३००. बाकी सातशे म्हणजे साधे तेल. यात बेकायदा काही नाही, तेलाचे वजन हजारच आहे. तरीही तो आकडा डोळ्यांसमोरून हलत नाही.

खरे तर जानेवारीपर्यंत मी या कॅप्सूलची प्रचारक होते. ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, २६८ वरून २०४ वर आले होते आणि तो अहवाल मी नणंदेलाही पाठवला होता. डॉक्टरांनी एवढेच विचारले, की या काळात आणखी काय बदलले? चहातली साखर सुटली होती, रात्रीचे गोड बंद झाले होते, चालणे सुरू झाले होते. ट्रायग्लिसराइड ठळकपणे उतरवणारी मात्रा दिवसाला दोन ते चार ग्रॅम ईपीए-डीएचएची असते, असे त्यांनी सांगितल्यावर मी घरी येऊन हिशेब मांडला. साठ कॅप्सूलचे ६६० रुपये, म्हणजे एक अकरा रुपयांना; चार ग्रॅमसाठी रोज तेरा, म्हणजे १४३ रुपये. शिवाय एवढी मात्रा परस्पर घेणे धोक्याचे, कारण मोठ्या मात्रेच्या चाचण्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले.

हृदयविकार टळतो का, हा प्रश्न वेगळाच. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या 'व्हायटल' या अमेरिकी चाचणीत २५,८७१ जणांपैकी ज्यांना ओमेगा-३ दिले, त्यांच्या कॅप्सूलमध्ये ईपीए-डीएचए ८४० मिलिग्रॅम होते, माझ्या जवळपास तिप्पट. तरी हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयरोगाने होणारे मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. त्याच वर्षी 'रिड्यूस-इट' या दुसऱ्या चाचणीत मात्र स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध) घेणाऱ्या, ट्रायग्लिसराइड वाढलेल्या रुग्णांत शुद्ध ईपीएच्या चार ग्रॅम मात्रेने अशा घटनांचा धोका पंचवीस टक्क्यांनी घटला. पण तुलनेच्या गटाला दिलेले खनिज तेलच अपायकारक ठरून फरक फुगला असावा, असा त्या निष्कर्षाबद्दल वाद आहे, आणि ते शुद्ध ईपीए डॉक्टरांनी लिहून द्यायचे औषध आहे.

आमच्याकडची जवसाची चटणी ही पर्यायी सोय, असे सासूबाईंचे मत. जवसातल्या एएलए या वनस्पतिजन्य ओमेगा-३ चे शरीरात ईपीए-डीएचए फार थोडे होते, हे मी त्यांना सांगितले; चटणी तरीही रोज वाढली जाते आणि मी ती खाते. आठवड्यातून दोनदा बांगडा आणायचा, असे मी ठरवले आहे.

सुटलेल्या अडतीस कॅप्सूल फ्रीजमध्ये, लिंबाच्या लोणच्यामागे ठेवल्या आहेत. ४१८ रुपयांचा माल टाकवत नाही, म्हणून रोज जेवणाबरोबर एक घेऊन संपवीन. रिकाम्या पोटी घेतली, की दुपारपर्यंत माशाचे ढेकर येतात. पाचवी बाटली मात्र मागवणार नाही.