मांडीचं माप न घेता ‘मापाचा’ नी-ब्रेस : ५,४४९ रुपये गेले

थोरला कुस्तीला जातो, धाकटा फुटबॉलला, आणि माझा गुडघा कबड्डीतच गेलेला. म्हणून मोबाईलवर गुडघ्याला आधार द्यायच्या पट्ट्याची जाहिरात, "बिजागरीचा नी-ब्रेस, सगळ्या खेळांना एकच", दिसली, तेव्हा फोन केला. पलीकडचा म्हणाला, "दादा, आम्ही पण निपाणीकडचेच." बेळगावात आपल्या भाषेत असं गोड बोलणारा भेटला की कुणीही सैल पडेल. ३,४९९ पाठवले. मग "तुमच्या मापाचा करतो" म्हणून १,४५०. मग कुरिअरचा विमा, ५००.

आता चीड कशाची येते ऐका. मापाचे १,४५० घेतले आणि विचारलं काय, तर बुटाचा नंबर! बिजागरीचा ब्रेस बसवायचा तर गुडघ्याच्या वर मांडीचा आणि खाली पोटरीचा घेर टेपनं घेतात. मी "आठ" सांगून मोकळा झालो. खानापूरची एसटी सुटत होती, कानाला फोन. अशा वेळी कोण विचार करतो? थोरला म्हणालासुद्धा, "बाबा, मॅटवर लोखंड चालत नाही." खरंच आहे, कुस्तीत धातू नसलेला हलका नी-गार्डच चालतो. फुटबॉललाही मऊ पॅडिंगवालाच. म्हणजे सगळ्या खेळांना एक हे मुळातच खोटं.

आली काय, तर खडेबाजारात २५० ला मिळणारी इलॅस्टिकची नी-कॅप, कडेला प्लॅस्टिकच्या पट्ट्या शिवलेल्या. ती गुडघा गरम ठेवते, आवळते. लिगामेंट (हाडांना बांधून ठेवणारा बंध) गेलेला गुडघा आडवा सरकायचा तो सरकतोच. ब्रेस घ्यायचा तर आधी फिजिओला दाखवा.

पोलीस ठाण्यात म्हणाले, सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, आधी तुमच्या ठाण्यात. अर्ज मराठीत होता, तर "कन्नडात लिहून आणा." लिहून नेला, तर रक्कम ऐकून साहेब हसले. बँकेत "पिन तुम्हीच टाकलाय की!" अहो, टाकला, पण चोराला ओळखायचं काम पण माझंच? सीमाप्रश्न २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, माझ्या अर्जाला तेवढी वर्षं लावू नका म्हटलं, तर राग आला त्यांना.

पैसे गेल्या गेल्या सायबर फसवणुकीची हेल्पलाईन १९३० लावा, ठाण्याची पायरी नंतर. मी उलटं केलं, कारण तिथं कुणी सांगितलंच नाही. वस्तूची तक्रार ग्राहक हेल्पलाईन १९१५ वर. पार्सल फोडताना व्हिडिओ काढा. आणि दुसऱ्यांदा पैसे मागितले की फोन ठेवा, मग तो निपाणीचा असो नाहीतर घरचा.

त्याचा नंबर अजून चालू आहे. परवा स्टेटसला नवीन माल टाकलाय : स्केटिंगचा ब्रेस, ४,९९९.