गोटी, पीव्हीसी पाइप की गॅरेज? इंजिनचं ऑइल सील घरी बसवण्याआधी

बाईकखाली सकाळी तेलाचा डाग दिसला की गळकं ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी, आत रबरी ओठ असलेली कडी) घरी बदलायचं की गॅरेजला न्यायचं, हा पहिला प्रश्न. कुठलं सील गळतंय, यावर त्याचं उत्तर ठरतं.

१०० ते १२५ सीसीच्या साध्या बाईकवरची दोन सील घरी जमण्यासारखी असतात: किक शाफ्टचं आणि पुढच्या स्प्रॉकेटमागचं, म्हणजे साखळी ओढणाऱ्या दातेरी चाकामागचं. किकच्या सीलसाठी क्लच कव्हर, म्हणजे इंजिनचं बाजूचं झाकण, उतरवून ओट्यावर घेता येतं. भोक समोर, आत शाफ्ट नाही. इथे गोटीसारखं, म्हणजे नट फिरवायच्या सॉकेटसारखं, दुसरं चांगलं हत्यार नाही. तिचं रुंद तोंड सीलवर टेकवायचं, म्हणजे मार बाहेरच्या पोलादी कडेवरच बसतो. गोटीवरचा आकडा मात्र आत बसणाऱ्या नटाचा असतो. सीलपेक्षा किंचित लहान गोटी हवी, तेव्हा बाहेरचा व्यास पट्टीने मोजूनच निवडा. कव्हरचं नवं गॅस्केट आणि ऑइल आधीच आणून ठेवा.

स्प्रॉकेटमागे तीच गोटी निरुपयोगी ठरते, कारण शाफ्ट मध्ये उभा असतो आणि गोटीच्या चौकोनी भोकातून तो जात नाही. तिथे पाण्याचा पीव्हीसी पाइप घ्या. २०, २५, ३२, ४० मिमी हे आकडे पाइपच्या बाहेरच्या व्यासाचे असतात. सीलवर तीन मापं छापलेली असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. बाहेरचा व्यास ३४ असेल तर ३२ चा पाइप अगदी बरोबर. पाइप सरळ कापला गेला पाहिजे. त्यासाठी पाइपभोवती कागदाची पट्टी गुंडाळा, कडा जुळल्या की त्या रेषेवर करवत चालवा. तिरका कापलात तर सीलही तिरकं जाईल.

जुनं सील नव्यावर उलटं ठेवून वर लाकडी ठोकळा मारायची रीतही चालते. पैसे लागत नाहीत, पण जुनं सील काढताना वाकलेलं असेल तर ती सोडून द्या. नुसत्या हातोडीने कडेकडेने ठोकणं मला पटत नाही. एक बाजू आत जाते, दुसरी वर येते, आणि ओठाभोवतीची बारीक स्प्रिंग निसटते. ती निसटली की नवं सीलही गळतं.

खरं नुकसान बसवताना नाही, काढताना होतं. माझ्या बाईकचं सील एकदा गॅरेजमध्ये पेचकसाने उचकटून काढलं गेलं. नखाला जेमतेम लागेल एवढा ओरखडा शाफ्टवर उमटला, आणि नव्या सीलमधून महिन्याभरात तेल झिरपायला लागलं. म्हणून काढताना मी पेचकसाच्या टोकाला चिंधी गुंडाळते आणि शाफ्टचा आधार न घेता बाहेरच्या कडेकडून उचलते. घरी वेळ आपला असतो, आणि तो इथेच खर्चावा. शाफ्टवर जुन्या ओठाने चर पाडली असेल तर, जागा असल्यास, नवं सील मिलिमीटरभर कमी आत बसवा. ओठ कोऱ्या जागी टेकतो.

बसवताना स्प्रिंगची बाजू तेलाकडे, म्हणजे इंजिनच्या आत. रबरी ओठाला इंजिन ऑइल लावा, स्प्रिंगच्या खाचेत थोडं ग्रीस भरा. शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर सील सरकताना ओठ चिरतो. मग पाइपवर हलके, सारखे ठोके. सील तळाशी बसलं की आवाज ठोस येतो. तिथेच थांबा.

क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या शाफ्टच्या, सीलला मात्र घरी हात लावू नका. त्याच्या टोकावरचा मॅग्नेट काढायला पुलर (खेचून काढायचं हत्यार) लागतो. कारमध्ये मागच्या क्रँक सीलसाठी गिअरबॉक्सच उतरवावा लागतो. काही सीलना बाहेरून कंगोरा असतो, तो केसच्या खोबणीत अडकलेला असतो आणि इंजिन उघडल्याशिवाय निघत नाही. ओढून निघत नसेल तर जोर लावू नका, गॅरेजलाच न्या.

आणि कुठेही बदला, आधी इंजिनची ब्रीदर नळी (आतला दाब बाहेर सोडणारी) तपासा. ती चोंदली असेल तर आतला दाब नव्या सीललाही टिकू देणार नाही.