लग्नाच्या व्हिडिओला चित्रपटगीत की परवान्याचे संगीत?

लग्नाच्या हायलाइट व्हिडिओला गाजलेले चित्रपटगीत लावावे की वर्गणी भरून मिळणारे परवान्याचे संगीत, या पेचात असणाऱ्यांसाठी हे लिहीत आहे. छायाचित्रणाच्या व्यवसायात मी दोन्ही वापरून पाहिले आहे.

गाण्याची बाजू भक्कम आहे. वरातीत ज्या गाण्यावर करवल्या नाचल्या तेच व्हिडिओत ऐकू आले की घरच्यांचे डोळे भरून येतात. अनोळखी संगीताला ते सहसा साधत नाही. लग्नात गाणी वाजवायला कायद्यानेच मोकळीक आहे, असेही अनेकजण सांगतात. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये लग्नाची वरात आणि लग्नाशी निगडित समारंभांना सवलत आहे खरी, परंतु ती समारंभात गाणे वाजवण्यापुरती. तेच गाणे चित्रीकरणाला जोडायचे तर ध्वनिमुद्रण, गीत आणि संगीत या तिन्हींच्या हक्कधारकांची परवानगी लागते, आणि एका घरच्या व्हिडिओसाठी ती मिळवणे मला कधी जमले नाही.

माझे मत पालटले ते एका पाठवणीमुळे. गाण्याचा आवाज उतरवून मी त्याखाली आजीचे बोलणे ठेवले होते, "पोचलीस की फोन कर गं." इंटरनेटवर टाकलेल्या त्या व्हिडिओची लिंक सगळ्या नातेवाइकांकडे गेल्यावर गाण्याच्या हक्कधारकांचा दावा आला आणि परदेशातल्या आत्याकडे व्हिडिओ उघडेना. त्याच लिंकवर फाइल बदलता येत नव्हती, म्हणून तेवढ्या भागाचा आवाज बंद केला, आणि गाण्याबरोबर आजीचे शब्दही गेले. सुधारलेला व्हिडिओ नव्या लिंकवर दिला, पण बहुतेकांनी पहिलाच पाहिला होता.

परवान्याच्या संगीतातही त्रास आहे. मराठी लग्नाला शोभेल असे तिथे फार थोडे सापडते. शिवाय वर्गणी बहुधा माझ्या चॅनेलपुरती असते, त्यामुळे नवरदेवाने तोच व्हिडिओ स्वतःच्या चॅनेलवर टाकला तर दावा येऊ शकतो. मात्र माझ्या अनुभवात तो परवान्याची प्रत दाखवून सुटला आहे, म्हणून ती प्रत मी आता व्हिडिओसोबतच देतो. विधींच्या भागासाठी सनईवाल्यांकडून मुहूर्ताआधी एखादी पारंपरिक धून वेगळी मुद्रित करून घेतो, वादकांचाही हक्क असतो म्हणून त्यांची लेखी संमती घेतो, आणि त्याचे मानधन यजमानांना आधीच सांगतो.

व्हिडिओ फक्त घरच्या टीव्हीवर पाहायचा असेल, तर गाण्याचा आग्रह मी समजू शकतो, जरी परवानगीचा प्रश्न तिथेही उरतोच. लिंक पाठवायची असेल आणि त्यात कुणाचे बोलणे जपायचे असेल, तर मी तरी गाणे लावणार नाही.