एल मोरो की सान क्रिस्तोबाल?
पोर्तो रिकोच्या सान हुआनमध्ये एकच दुपार हाती असेल तर बहुतेकांचे पाय एल मोरोकडे वळतात. साहजिकच आहे. १५३९ मध्ये स्पॅनिशांनी बांधायला घेतलेला, खाडीच्या तोंडाशी उभा सहा मजली कोट, पुढ्यात हिरवळ आणि वर पतंगच पतंग. फोटो काढायचे तर इथेच.

सान क्रिस्तोबाल हा दुसरा कोट, जमिनीकडून येणाऱ्या शत्रूला अडवण्यासाठी. रूपाने डावा, पण मला तोच अधिक भावतो. भुयारं, चौकाखाली पावसाच्या पाण्याची पाच प्रचंड टाकी, आणि अंधारकोठडीच्या भिंतीवर कुणा कैद्याने रेखाटलेली शिडाची जहाजं! तिथून पाय निघत नाही.

अंतर जेमतेम दीड किलोमीटर. एल मोरोच्या मैदानात सावली नाही, टोपी न्याच.