लीज वाढवायची: कायद्याने की फ्रीहोल्डरशी बोलून?

इंग्लंड-वेल्समध्ये लीजवर, म्हणजे ठराविक वर्षांच्या पट्ट्यावर, फ्लॅट घेतलेल्या आपल्या मंडळींना कधीतरी फ्रीहोल्डरचं (जमीन-इमारतीच्या मूळ मालकाचं) पत्र येतं: इतके पौंड भरा, तुमची लीज १२५ वर्षांची करून देतो, काम लगेच होईल. रक्कम आवाक्यातली दिसते आणि सही करावीशी वाटते. त्याआधी कायद्याने काय मिळतं ते बघा.

१९९३ च्या कायद्याने उरलेल्या मुदतीवर आणखी ९० वर्षं मिळतात आणि ग्राउंड रेंट, म्हणजे फ्रीहोल्डरला दरवर्षी द्यायचं भाडं, शून्यावर येतो. कायद्याच्या भाषेत हे भाडं म्हणजे मिरीचा एक दाणा! ८२ वर्षं उरली असतील तर १७२ होतात. पत्रातल्या '१२५' मध्ये खरी भर फक्त ४३ वर्षांची.

पण माझ्या मते मोठा फरक ग्राउंड रेंटचा आहे. ३० जून २०२२ पासून नव्या लीजवर ग्राउंड रेंट घेता येत नाही, म्हणून अनेकजण निर्धास्त असतात. मात्र आपसात वाढवलेल्या लीजमध्ये जुनी मुदत संपेपर्यंत जुना ग्राउंड रेंट चालू ठेवायची मुभा फ्रीहोल्डरला आहे. समजा तो वर्षाला २५० पौंड आहे आणि दर २५ वर्षांनी दुप्पट होतो, पहिली वाढ आजपासून २५ वर्षांनी. ८२ वर्षांत ५७,७५० पौंड होतात. शिवाय पुढे फ्लॅट विकताना घेणाऱ्याचा सॉलिसिटर नेमकं हेच कलम काढून दाखवतो. 'स्वस्त' प्रस्तावातली स्वस्ताई बहुतेक वेळा इथेच जिरते.

कायद्याची वाट खर्चिक आहे, हे खरंच. आपला सॉलिसिटर आणि सर्व्हेअर तर लागतोच. वर फ्रीहोल्डरचा वकिलीचा आणि मूल्यांकनाचा वाजवी खर्चही सध्या आपल्याच माथी येतो. लीज वाढवून मागणारी कलम ४२ ची नोटीस दिल्यावर उत्तरासाठी त्याला किमान दोन महिने द्यावे लागतात. किमतीवर एकमत झालं नाही, तर त्याच्या उत्तरानंतर सहा महिन्यांच्या आत ट्रायब्युनलकडे (असे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) अर्ज करायचा. ती तारीख हुकली की नोटीस बाद, आणि नवीन देण्यासाठी १२ महिने थांबा. म्हणून हेच काम नेहमी करणारा सॉलिसिटर गाठा. घर घेताना कागद केले तोच चालेल असं धरू नका.

बोलणीच्या वाटेवर अशा तारखा नाहीत, आणि धोका तिथेच आहे. लीज ८० वर्षांच्या खाली गेली की 'मॅरेज व्हॅल्यू' लागते: मुदत वाढल्याने फ्लॅटची जी किंमत वाढते तिचा अर्धा हिस्सा फ्रीहोल्डरचा. हिशोब नोटिशीच्या तारखेचा धरतात. ईमेल चालू असताना ८० ची रेघ ओलांडली गेली, तर त्या ईमेलचा उपयोग शून्य. ८१-८२ वर्षं उरली असतील तर आधी नोटीस द्या, मग खुशाल बोला. नोटीस दिल्यावर तडजोड करता येते. फ्लॅट नुकताच घेतला असला तरी हरकत नाही. दोन वर्षं मालकी हवी ही अट ३१ जानेवारी २०२५ ला गेली.

फ्रीहोल्ड रहिवाशांच्याच कंपनीकडे असेल तर मात्र मी बोलणीच सुचवेन. तिथे सगळे मिळून कागदपत्रांच्या खर्चात ९९९ वर्षं करून घेऊ शकतात.

राहिला प्रश्न थांबण्याचा. २०२४ च्या कायद्यात ९९० वर्षांची वाढ आहे, मॅरेज व्हॅल्यूही रद्द होणार आहे. फ्रीहोल्डरांचं त्याविरुद्धचं आव्हान हायकोर्टाने ऑक्टोबर २०२५ मध्ये फेटाळलं, पण हे लिहिताना या तरतुदी लागू झालेल्या नाहीत. ९५ वर्षं उरली असतील तर बिनघोर थांबा. आधीच ७० वर आला असाल आणि विकायची घाई नसेल, तर थांबण्यात अर्थ असू शकतो. आजची किंमत सर्व्हेअरकडून काढून मगच ठरवा. ८० च्या जरा वर असाल तर मी थांबणार नाही.

आज संध्याकाळी लीज काढा आणि सुरुवातीची तारीख बघा. ती घर घेतल्याची तारीख नव्हे. २५ मार्च २००८ पासून ९९ वर्षं असं लिहिलं असेल, तर मार्च २०२७ मध्ये तुम्ही ८० च्या खाली जाता. काही अडलं तर लीजहोल्ड अ‍ॅडव्हायझरी सर्व्हिस ही सरकारी पैशावर चालणारी संस्था फुकट सल्ला देते.