एनबीएचा ‘स्वस्त पास’ मला ६४,००० रुपयांना पडला

आधी आकडा सांगतो. १,४९९ अधिक १ अधिक २४,५०० अधिक ३८,०००. बरोब्बर ६४,००० रुपये. नागपूरला इतवारीत एका पेढीवर हिशेब लिहितो मी, बेरीज चुकायची नाही.

केबलवाल्याला बास्केटबॉल मागा, तो क्रिकेटचं पॅकेज गळ्यात मारतो. म्हणून मोबाईलवर पाहायचं ठरवलं. शिवाजीनगरला सकाळी खेळणाऱ्यांच्या ग्रुपवर एका चॅनलची लिंक आली: एनबीए म्हणजे अमेरिकेची बास्केटबॉल लीग, युरोपातली युरोलीग, कॉलेजच्या मॅचेस, सगळं मिळून वर्षाचे १,४९९. आता कोणी म्हणेल, एनबीएचा स्वतःचा, खरा लीग पास का नाही घेतला? अहो, ग्रुपमधल्या दोघांनी हाच घेतला होता आणि त्यांना मॅचेस दिसून राहिल्या होत्या. मलाही शेवटची मॅच सोडून सगळे प्लेऑफ, म्हणजे बाद फेरीच्या मॅचेस, दिसले. दिसत असताना शंका कोणाला येते?

पैसे भरताना स्कॅनरवर नाव मात्र कुठल्याशा साडी सेंटरचं आलं होतं. विचारलं, तर ‘सर, पार्टनरचं अकाउंट आहे’. मॅचचे पैसे साडीच्या दुकानात जात असतील तर तिथंच हात आखडा.

खरा डाव टाकला तो फायनलच्या सातव्या मॅचला. २३ जून २०२५, सोमवार. ओक्लाहोमा सिटी थंडर आणि इंडियाना पेसर्स, ३-३ बरोबरी, आपल्याकडे पहाटे साडेपाचला सुरू. रात्री मेसेज आला की फायनलला लोड जास्त आहे, जुनी लिंक बंद, हा नवा प्लेयर टाका. खाली एपीके, म्हणजे प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल. फोननं सांगितलं, ही फाइल धोकादायक असू शकते. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक फाइलला फोन हेच सांगतो, म्हणून पुढे गेलो. मग प्लेयरनं परवानगी मागितली: तुमचे एसएमएस वाचू देता का?

इथं. नेमकं इथं. मॅच दाखवणाऱ्या अ‍ॅपला माझे एसएमएस कशाला पाहिजेत? रोज लोकांची बिलं तपासणारा मी, शंभराची पावती जुळली नाही तर माणसाला परत पाठवतो. आणि त्या चौकोनातल्या ‘अलाऊ’वर बोट ठेवलं. पण मॅच सुरू व्हायला पाच मिनिटं होती हो! त्यांनी वेळच तशी निवडलेली असते. पुढे डेबिट कार्डानं ‘१ रुपया पडताळणी’. एक रुपयासाठी कोण घाबरतं? त्या रुपयात कार्डाचा नंबर, मागचे तीन आकडे, सगळं गेलं. ओटीपी मी कोणालाही सांगितला नाही. सांगायची गरजच नव्हती, अ‍ॅप स्वतःच वाचत होतं आणि मेसेज लपवत होतं.

स्क्रीन काळी झाली. मधोमध गोल फिरत होतं, खाली ‘अपडेट सुरू आहे, फोन बंद करू नका’. मी नेटवाल्याला शिव्या घालत बसलो. बायकोच्या फोनवर ग्रुप उघडला, तर पहिल्याच क्वार्टरमध्ये पेसर्सचा हॅलिबर्टन पाय धरून कोसळला म्हणून सगळे हळहळून राहिले होते. ती म्हणाली, ‘अहो, बंद करा तो फोन.’ बंद केला, तोवर २४,५०० आणि ३८,००० निघून गेले होते. असा फोन दिसला तर आधी सिम काढा, मग बाकीचं. आणि लगेच १९३० ला फोन, सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे ती. बँक उघडायची वाट पाहू नका.

बँकेत दहाला गेलो. साहेब म्हणतात, ‘ओटीपी बरोबर पडला आहे, म्हणजे व्यवहार तुम्हीच केला.’ रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक दाखवलं, कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेनं सोसायचं. तर म्हणे, ‘तुम्ही कळवलंत पैसे गेल्यावर.’ जाण्याआधी कसं कळवणार, भविष्य पाहून? पोलीस ठाण्यात गेलो, तर सायबरकडे जा. सायबरकडे गेलो, तर आधी तुमच्या हद्दीतल्या ठाण्यातून या. एका शिपायानं तर विचारलं, ‘काहून पाहता बे पहाटे पहाटे अमेरिकेच्या मॅच?’ तक्रार फसवणुकीची, चौकशी माझ्या आवडीची! लेखी पोच मागितल्याशिवाय कोणी कागदाला हात लावत नाही, म्हणून प्रत्येक टेबलावर पोच मागाच. बँकेनं ३० दिवसांत उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट. हे बँकेतला कोणी आपणहून सांगत नाही.

कुठल्याशा खात्यात माझे ११,२०० रुपये होल्ड झाले आहेत म्हणे. माझेच पैसे, सापडलेले पैसे, पण सोडवायला कोर्टाचा आदेश पाहिजे, असं तेव्हा सांगितलं. वकील पाच हजार मागत होता.

फोन फॉरमॅट केला, कार्ड बदललं. ती मॅच थंडरनं १०३-९१ नं जिंकली, हे मी संध्याकाळी पेपरच्या साइटवर वाचलं. ग्रुपमधल्या त्या दोघांपैकी एकाचे ९,००० गेले. तो घरी सांगायला तयार नाही, तक्रार तर लांबच. मी चॅनलवर ‘फसवणूक आहे’ लिहिलं, तर मला काढून टाकलं. चॅनल चालूच आहे. ऑक्टोबरपासून नव्या सीझनचा पास १,१९९ ला विकून राहिले.