स्पीडुइनो ०.४ बोर्ड : घ्यावा का, आणि स्वतःचा कधी तयार करावा?

केटीएम ३९० या मोटरसायकलचं ३७३ सीसी इंजिन फॉर्म्युला स्टुडंटच्या (विद्यार्थ्यांनी बनवलेल्या रेसिंग गाड्यांची स्पर्धा) गाडीत बसवलं, पुढे नियमाचा २० मिमी रेस्ट्रिक्टर (हवेची वाट अरुंद करणारा तुकडा) लावला, की कंपनीच्या ईसीयूतला (इंधन आणि स्पार्क ठरवणारा इंजिनचा कॉम्प्युटर) सेटिंगचा तक्ता कामातून जातो. तिथे स्पीडुइनो, म्हणजे आर्डुइनोवर चालणारा खुल्या डिझाइनचा ईसीयू, हे पहिलं उत्तर. आर्डुइनो मेगा २५६०, त्याला जोडून ०.४ बोर्ड, ४ इंजेक्टर आणि ४ इग्निशन आउटपुट, ट्युनिंगला लॅपटॉपवरचं ट्यूनरस्टुडिओ सॉफ्टवेअर. चिप ८-बिट आणि १६ मेगाहर्ट्झची म्हणून नाक मुरडू नका. ३६-१ चाकावर (क्रँकवरचं, ३६ पैकी एक दात गाळलेलं चाक) १०,००० आरपीएमला दर १६७ मायक्रोसेकंदांनी एक दात येतो, तेवढं तिला सहज झेपतं.

बोर्ड टेबलावर उत्तम चालतो. गाडीवर चढला की उणिवा दिसतात. ४० पिनांचा आयडीसी (चपट्या केबलचा) कनेक्टर सिंगल सिलिंडरच्या हादऱ्यांत सैल होतो, आणि पाण्यापासून त्याला काहीच संरक्षण नाही. मेगा हेडर पिनांवर नुसता खोचलेला असतो, तेही तसंच. मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा, एमपीएक्स४२५०) बोर्डावरच असल्यामुळे व्हॅक्यूमची नळी डब्यापर्यंत ओढावी लागते. नळी लांबली की दाबाचे ठोके बोथट होतात आणि ‘सायकल मिनिमम’ सॅम्पलिंगचा (प्रत्येक चक्रातला सर्वांत कमी दाब धरण्याचा) उपयोग राहत नाही.

लॅपटॉप जोडताना इंजिन बंद पडतं, तो प्रकार वेगळा. सीरियल पोर्ट उघडला की डीटीआर लाइन (यूएसबी-सीरियलची एक सिग्नल वायर) ०.१ मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून मेगाला रीसेट करते. फर्मवेअरमध्ये रीसेट कंट्रोलची सोय आहे, पण स्वतःच्या बोर्डावर ती लाइन जोडायचीच नाही. प्रश्न मिटला.

तरी स्वतःचा बोर्ड काढायचं खरं कारण ग्राउंड. १४ ओमचा इंजेक्टर १४ व्होल्टला १ अँपिअर ओढतो. तो करंट सेन्सरच्याच ग्राउंड वायरमधून परतला आणि त्या वायरीत ०.०५ ओम असला, तर ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो. एमपीएक्स४२५० सुमारे २० मिलिव्होल्टला १ किलोपास्कल दाखवतो, म्हणजे अडीच किलोपास्कलची चूक, तीही इंजेक्टर उघडा असतानाच. मग पोरं रात्रभर व्हीई टेबल (इंधन किती द्यायचं तो तक्ता) बदलत बसतात आणि मिश्रण काही स्थिर होत नाही. आपल्या बोर्डात सेन्सर ग्राउंडला वेगळी पिन द्या, पॉवर ग्राउंडला जाड तांबं द्या आणि दोन्ही एकाच ठिकाणी जोडा. चार थरांचा बोर्ड असेल तर एक अख्खा थर ग्राउंडला सोडा.

स्वतः काढलेले बोर्ड बहुतेक दोन जागी फसतात. एलएम२९४० रेग्युलेटरच्या आउटपुटला स्वस्त सिरॅमिक कपॅसिटर लावला, तर ईएसआर (कपॅसिटरचा आतला रोध) फार कमी पडून रेग्युलेटर डोलायला लागतो, म्हणजे त्याचा व्होल्टेज स्थिर राहत नाही. तिथे किमान २२ मायक्रोफॅरडचा टँटलम किंवा इलेक्ट्रोलिटिकच हवा. दुसरी जागा इग्निशनची. रीसेटच्या क्षणी चिपच्या पिना तरंगत्या असतात, म्हणून प्रत्येक आउटपुट ट्रान्झिस्टरच्या गेटला १० किलोओमचा पुलडाउन (पिन शून्यावर धरून ठेवणारा रेझिस्टर) लावा. इनपुटवर टीव्हीएस डायोड (व्होल्टेजचे झटके शोषणारा) घाला, आणि लो-इम्पिडन्स (कमी रोधाचे, जास्त करंट ओढणारे) इंजेक्टर असतील तर सिरीज रेझिस्टरची जागा आधीच सोडा.

पैसे वाचतील म्हणून या भानगडीत पडू नका. पाच-पाच बोर्डांचा लॉट, सुटे भाग, सीलबंद कनेक्टर आणि क्रिंपिंगचं हत्यार धरलं तर तयार बोर्डच स्वस्त पडतो. पहिलं इंजिन त्यावरच चालवा. काय नडतंय ते कळल्याशिवाय डिझाइनला हात लावण्यात अर्थ नाही. स्पीडुइनोचं फर्मवेअर जीपीएल (खुल्या लायसन्सचं) असल्यामुळे ते आपल्या बोर्डावर टाकता येतं, मेगास्क्वर्ट या दुसऱ्या ईसीयूच्या बाबतीत लायसन्स ही मुभा देत नाही. रस्त्यावरच्या गाडीला मात्र हे लावू नका, गाडीतल्या फेरबदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं.

नवा बोर्ड आला की कॉइल लगेच जोडू नका. दुसऱ्या आर्डुइनोवरून ३६-१ चा खोटा सिग्नल द्या, आउटपुटला रेझिस्टरसह एलईडी लावा. एलईडी क्षणभर लुकलुकली पाहिजे. ती सतत पेटून क्षणभर विझत असेल तर स्पार्कची पोलॅरिटी उलटी आहे. ३ मिलिसेकंदांच्या ड्वेलची (कॉइल भरण्याच्या वेळेची) कॉइल त्या अवस्थेत काही सेकंदांत तापते आणि थोड्याच वेळात जळते.